चवदार तळ्याचे पाणी आणि लाल बावटा

आमच्या अभ्यासमंडळात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कॉम्रेड आर. बी. मोरे नेमके कोणाचे? आंबेडकरवाद्यांचे की कम्युनिस्टांचे?" त्या दिवशी काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न माझी पाठ सोडीना, म्हणून हे लिहितो आहे.

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडच्या परिसरातील एका महार कुटुंबात झाला. हुशार असूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहून अन्याय चव्हाट्यावर आणला, तेव्हा शाळेचे दार उघडले. त्यांचा पहिला लढा हा असा होता.

१९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केले, पण केवळ कागदावर! बाबासाहेबांना महाडला आणून परिषद घडवावी, हा ध्यास मोरे यांनी घेतला. गावोगाव फिरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसे जमवली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो अस्पृश्य तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत दांडीच्या मिठाला पान मिळते, महाडच्या पाण्याला मात्र चार ओळी. सरकारी ठराव पाणी मोकळे करीत होता आणि ते अडवणारे हात देशी होते. मग महाडला लढले ते स्वातंत्र्यसैनिक नव्हेत काय?

हेच मोरे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांकडे पाठ फिरवून ते गेले, असे मी मानत नाही. कोकणातला खोत आणि मुंबईतला गिरणीमालक या दोघांनीही दलिताच्या पोटावर पाय दिला होता. ते जोखड फेकायला कामगारांची संघटना हवी होती. पण त्या संघटनेतही जात होतीच. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. ते खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी १९२८ च्या संपात बाबासाहेबांना लावून धरावी लागली. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती आपणहून सुचली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

दोन्ही प्रवाह एकत्र आले तेव्हा काय घडते, हेही इतिहासाने दाखवले आहे. १० जानेवारी १९३८ रोजी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. उलट १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत कम्युनिस्ट बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि बाबासाहेब पडले. ती जखम अजून भरलेली नाही.

१९५३ मध्ये मोरे यांनी अस्पृश्यता व जातिव्यवस्था यांवर एक टिपण पक्षापुढे ठेवले. आर्थिक लढ्याने जात आपोआप वितळेल, ही समजूत त्यांना पुरेशी वाटत नव्हती. तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही. पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी गटात राहिले आणि १९६५ मध्ये 'जीवनमार्ग' साप्ताहिक सुरू झाले तेव्हा त्याचे संपादकपद त्यांनी सांभाळले. पक्षात राहून त्यांचे म्हणणे पक्षाने किती ऐकले, हा सवाल मार्क्सवादी मित्रांनी स्वतःला विचारावा. आणि लाल बावटा खांद्यावर घेतला एवढ्याने महाडचा हा कार्यकर्ता आपल्याला परका का वाटावा, हा सवाल आपण स्वतःला विचारावा.

११ मे १९७२ रोजी मोरे गेले. त्याच वर्षी दलित पँथर जन्माला आली आणि दोन वर्षांत आंबेडकर की मार्क्स या वादात फुटली. ज्या माणसाने ही दोन्ही नावे आयुष्यभर एकत्र वागवली, त्याचे जगणे तेव्हा कोणी पुढे ठेवले असते तर?

त्या विद्यार्थ्याला आता मी सांगेन, मोरे तळ्यावर गेलेल्यांचे आहेत. ती माणसे संध्याकाळी घरी परतली तेव्हा घरात पाणी होते, भाकरी नव्हती. मोरे यांना दोन्ही हवे होते.