मुंबई हाय : जहाजाची कीर्ती आणि खडकाची छिद्रे

१/ फेब्रुवारी १९७४. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले होते आणि परकीय चलनासाठी देशाची तारांबळ उडाली होती. अशा वेळी मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या जहाजाने तेल शोधून काढले. ही कथा आपण सारेच जाणतो. ज्या खडकात ते तेल होते त्याची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. आजचा धागा त्या खडकाचा.

२/ या जागेचा सुगावा दहा वर्षे आधीच लागला होता. १९६४-६५ मध्ये 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने भूकंपलहरींच्या साहाय्याने खंबायतच्या आखाताबाहेरचा समुद्रतळ तपासला, तेव्हा तळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. त्यालाच पुढे 'बॉम्बे हाय' म्हटले गेले.

३/ सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची सवय असलेल्या आपल्याला हे नवल वाटेल, पण येथील मुख्य तेलसाठा चुनखडकात आहे. समुद्रतळाखाली हजार मीटरहून खोल असलेल्या या थरसमूहाला भूवैज्ञानिक 'एल-३' म्हणतात. त्याचे वय मायोसीन, म्हणजे ढोबळमानाने दोन कोटी वर्षे. दख्खनचा बेसॉल्ट आणि त्याहूनही जुने खडक त्याच्याही खाली, पायासारखे पडून आहेत.

४/ वाळूचा खडक नदी वाहून आणते. चुनखडक मात्र बहुतांशी जीव घडवतात. त्यासाठी पाणी उथळ, उबदार आणि गढूळपणापासून मुक्त हवे. उत्तरेकडून येणारा नद्यांचा गाळ सभोवतालच्या खोलगट भागांत बसत राहिला आणि हा उंचवटा बराच काळ स्वच्छ राहिला. तेथे शैवाल वाढले, फोरॅमिनिफेरा नावाचे कवचधारी सूक्ष्मजीव वाढले, मेले आणि साचले.

५/ आता खरा मुद्दा. चुनखडकातील छिद्रे कशी असतील, हे प्रथम गाळ कोठे साचला यावर ठरते. शांत खारकच्छात चुन्याचा बारीक चिखल बसतो. त्यात छिद्रे असतात, पण ती अतिसूक्ष्म असल्याने तेल त्यांत अडकून पडते. जेथे लाटा चिखल धुऊन नेतात, तेथे कवचांचे कण उरतात आणि कणांमधील पोकळ्या मोठ्या व परस्परांशी जोडलेल्या राहतात. सच्छिद्रता आणि पारगम्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : घरात खोल्या पुष्कळ असतील, पण दारेच नसतील तर त्यांचा काय उपयोग?

६/ पुढचे काम पावसाचे. समुद्राची पातळी उतरली की हा उथळ तळ उघडा पडे, गोडे पाणी झिरपे आणि कवचे विरघळून त्यांच्या जागी पोकळ्या उरत. एल-३ मधील उत्तम छिद्रे बव्हंशी अशी विरघळून झालेली आहेत. मग पुन्हा समुद्र चढे, काही काळ चिकणमाती येऊन बसे, तिचा शेल बने. हे चक्र अनेकदा फिरले. त्यामुळे एल-३ हा एकसंध साठा नाही. चुनखडक आणि पातळ शेल यांची ती उतरंड आहे. तिच्यातील प्रत्येक मडके निराळे.

७/ याचा हिशेब पुढे चुकवावा लागला. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले आणि ऐंशीच्या दशकात ते दिवसाला ४ लाख बॅरलांपलीकडे गेले. देशाला तेल हवे होते, म्हणून उपसा जोरात चालला. पण खडकातला दाब घटत गेला. गॅस आणि पाणी सर्वांत मोकळ्या थरांतून धावत विहिरीपर्यंत पोहोचू लागले, तर घट्ट थरांतले तेल मागेच राहिले. गॅसचे प्रमाण वाढल्याने काही विहिरी बंद कराव्या लागल्या. दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून समुद्राचे पाणी खडकात भरले जाऊ लागले. पण तेही त्याच मोकळ्या वाटा धरणार, हे उघड होते. माझ्या मते, येथे दोष केवळ घाईचा नव्हता. थरांच्या या उतरंडीला एकच मोठे भांडे समजण्याचा मोहही तेवढाच जबाबदार होता.

८/ २००० नंतरच्या पुनर्विकासात आडव्या विहिरींवर भर आला. उभी विहीर थराला छेदून पुढे जाते; आडवी विहीर निवडक थराच्या पोटातून दूरवर सरकते आणि त्याच्या छिद्रांशी अधिक काळ संबंध ठेवते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सेवादार म्हणून बीपी या कंपनीची निवड केली. खारकच्छाच्या त्या चिखलात अडकलेले तेल अजूनही तेथेच आहे.