पाणसुरुंगांच्या वाटेवर

17 ऑक्टोबर 1950, दुपारची वेळ. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं वोन्सान बंदर. तुम्ही एमएस-14 या लाकडी बोटीचा कठडा धरून उभे आहात. बोट जपानी, खलाशी जपानी, पण वर जपानचा झेंडा नाही. तुम्ही इथे आहात हे कुणाला कळता कामा नये. नव्या राज्यघटनेने युद्धाचा हक्कच सोडून दिला आहे आणि देशावर अजून अमेरिकेचा ताबा आहे. पाचच दिवसांपूर्वी याच पाण्यात सुरुंग काढणाऱ्या दोन अमेरिकी बोटी बुडाल्या. कोरियन युद्धातल्या या कामासाठी अमेरिकेने तुम्हाला त्याआधीच बोलावलं होतं.

तुम्हालाच का? 1945 मध्ये अमेरिकेच्या बी-29 विमानांनी जपानभोवती दहा हजारांहून जास्त पाणसुरुंग टाकले. नौदल बरखास्त झालं, पण ही सुरुंग काढणारी माणसं कामावरच राहिली. आज अमेरिकेला जे कसब हवं आहे, ते तिनेच पेरलेल्या सुरुंगांवर घटवलेलं आहे.

पायाखाली स्फोट होतो. बोटीचे तुकडे होतात, तुम्ही पाण्यात फेकले जाता. अठरा जण जखमी होतात आणि स्वयंपाक करणारा एक तरुण सापडतच नाही. त्याच्या घरच्यांना गप्प राहायला सांगितलं जातं. पुढच्या वर्षी 8 सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार आणि अमेरिका-जपान सुरक्षा करार एकाच दिवशी होतात. त्या मैत्रीच्या पायात हा मुलगा आहे, आणि कित्येक वर्षं त्याचं नाव घ्यायची सोय नाही.

आता मार्च 1991 मध्ये या. वॉशिंग्टनमध्ये तुमच्या हातात वर्तमानपत्र आहे. आखाती युद्धात इराकच्या ताब्यातून मुक्त झालेल्या कुवेतने मदत करणाऱ्या देशांचे आभार मानले आहेत. जपानचं नाव तुम्ही पुन्हा पुन्हा शोधता, ते नाही. जपानने या युद्धासाठी 13 अब्ज डॉलर दिले, त्यासाठी लोकांवर जादा कर बसवला, आणि वर अमेरिकेत ऐकून घेतलं की हे फक्त चेकबुक उघडतात. वोन्सान पाहून आलेल्या तुम्हाला हा शेरा अन्यायाचाच वाटेल. मलाही वाटतो.

26 एप्रिलला आखातातले सुरुंग काढायला जपानची सहा जहाजं निघतात. त्यांतल्या चार सुरुंग काढणाऱ्या बोटी लाकडीच, कारण लोखंडाच्या चाहुलीने चुंबकीय सुरुंग फुटतो. एवढ्याशा बोटी सिंगापूर, कोलंबो, कराची करत महिन्याभराने दुबईला पोचतात. आपल्या कोकणासमोरचा अरबी समुद्रही त्यांनी ओलांडला.

आता तुम्ही आखाताच्या उत्तर टोकाला आहात. कुवेतच्या विहिरी जळताहेत, काजळी घशात उतरते, डेकवर हात टेकवत नाही. इतर देश आधीपासून कामाला लागलेले; जपान्यांच्या वाट्याला उरलेले, अवघड सुरुंग येतात. पाणबुडे स्फोटकं घेऊन खाली जातात, सुरुंगाला लावतात, वर येतात. मग पाण्याचा खांब उठतो. 34 सुरुंग असे जातात. ताफ्यातल्या 511 जणांपैकी एकही माणूस दगावत नाही.

ताफ्याचे प्रमुख ताओसा ओचिआई. त्यांचे वडील, रिअर अ‍ॅडमिरल मिनोरू ओता, यांनी जून 1945 मध्ये अमेरिकेविरुद्धच्या ओकिनावाच्या लढाईत आत्महत्या केली. मुलगा आता आखातात अमेरिकी अधिकाऱ्यांबरोबर काम करतो आहे. या माणसाजवळ थोडं जास्त थांबा. दोन देशांमधलं सगळं अवघडलेपण त्याच्या एकट्याच्या घरात मावलं आहे.

ऑक्टोबरअखेर ताफा कुरे बंदरात परतला. जून 1992 मध्ये शांतिसेनेत सैनिक पाठवू देणारा कायदा झाला; विरोधी खासदारांनी मतपेटीपर्यंत बैलाच्या चालीने जाऊन तो शक्य तितका लांबवला. सप्टेंबरपासून सैनिक कंबोडियाला निघाले. माझ्या मते खरा बदल इथेच झाला: बोटी निघू शकतात हे एकदा दिसल्यावर वॉशिंग्टनची अपेक्षा पैशावर थांबणं शक्यच नव्हतं. 2001 च्या अखेरीस जपानी जहाजं हिंदी महासागरात मित्रदेशांच्या युद्धनौकांना इंधन पुरवू लागली, आणि 2004 मध्ये इराकमधल्या समावा शहरात जपानी सैनिक उतरले. या वेळी त्यांच्या बाहीवर झेंडा होता.