डेटा वेअरहाउस, क्लाउडवरील : खर्चनियंत्रण

व्यवसायाच्या नोंदी विश्लेषणासाठी एकत्र ठेवणारी व वापरानुसार आकारणी करणारी संगणकीय सेवा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांतील लहान कारखान्यालाही ती स्वतःचा सर्व्हर न घेता वापरता येते. अडचण येते ती बिलाच्या अंदाजाची. बिल अनपेक्षितपणे फुगते ते बहुधा साठवणुकीमुळे नव्हे, तर गणनेमुळे. गूगलच्या बिगक्वेरी या अशा सेवेत मागणीनुसार दर घेतल्यास वाचलेल्या डेटावर आकारणी होते. साध्या तक्त्यावर ‘लिमिट १०’ लिहून दहाच ओळी मागितल्या, तरी निवडलेले स्तंभ पूर्ण वाचले जातात. स्नोफ्लेक या दुसऱ्या सेवेत गणनासंचाचा आकार एक पायरी वाढला, की ताशी क्रेडिट (आकारणीची एकके) दुप्पट होतात आणि प्रत्येक वेळी सुरू करताना किमान ६० सेकंद धरले जातात. म्हणून महिनाअखेरीस बिल तपासणे पुरेसे नाही. तक्त्यांचे तारखेनुसार विभाजन, प्रत्येक क्वेरीला बाइटची कमाल मर्यादा आणि काम नसताना आपोआप बंद होण्याची सोय आधीच करावी लागते.

मर्यादेमुळे तातडीचा अहवाल अडेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय मर्यादा काढण्याचा नव्हे, तर रोजचे अहवाल आणि नवे प्रयोग यांची गणनक्षमता व अंदाजपत्रक वेगळे ठेवण्याचा आहे. प्रयोग थांबला, तरी पाळीचा उत्पादन-अहवाल वेळेवर निघतो. आगाऊ ठरावीक क्षमता घेतल्यास बिल स्थिर राहते, पण रिकाम्या वेळेचेही पैसे पडतात. काम दिवसभर सलग असेल, तरच ती परवडते.