कडी, कोयंडा आणि मूठ

घरांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक भिंतींची जाडी मोजतात, कमानींची घडण पाहतात, खांब-तुळयांवरील कोरीव कामाची वर्णने करतात आणि मालकाच्या घराण्याची वंशावळ जुन्या दफ्तरांतून शोधून काढतात. परंतु ज्या वस्तूला त्या घरातील प्रत्येक माणसाचा हात दिवसातून अनेक वेळा लागला, त्या खिडकीच्या कडीची अथवा मुठीची नोंद क्वचितच कोणी घेतो. वास्तविक हा लहानसा जिन्नस कसा घडला, कोणाच्या हातून आला, आणि विशेषतः तो झिजला किंवा मोडला म्हणजे त्याच्या मरम्मतीचा भार कोणाच्या शिरावर पडला, एवढे जरी पाहिले तरी गेल्या दोन-अडीचशे वर्षांत महाराष्ट्रातील कारागिरी, बाजार आणि गृहव्यवस्था यांत झालेले स्थित्यंतर आपल्यापुढे स्पष्ट उभे राहते.

पेशवाईतील वाड्याची रचना अंतर्मुख होती. रस्त्याकडील तळमजल्याच्या भिंती जाड आणि बहुतांशी अखंड असत. उजेड आणि वारा चौकातून येई. आणि माडीवर ज्या खिडक्या असत त्यांना बाहेरच्या अंगाने उभे गज आणि आतून दोन सागवानी झडपा अशी सामान्यतः योजना असे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधविलेल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा पाहण्यास आजही लोक मुद्दाम जातात. पण त्या काळच्या कोणत्याही वाड्यात झडपेच्या आतल्या बाजूस हात फिरविला, तर नक्षीकामापेक्षाही अधिक विचारपूर्वक केलेली एक लोखंडी योजना बोटांना लागते. लोखंडाची जाड सळई मधोमध वाकवून तिचा फास करावयाचा, त्या फासाची दोन्ही टोके झडपेच्या लाकडातून आरपार न्यावयाची आणि मागच्या अंगास ती दोन दिशांना फाकवून लाकडात ठोकून बसवावयाची, हा झाला कोयंडा. त्यात अडकविलेली कडी चौकटीवरच्या दुसऱ्या कोयंड्यावर चढविली की खिडकीचा बंदोबस्त झाला. रात्री अधिक खात्री हवी असल्यास भिंतीतील खोबणीतून आडवा अडसर सरकवीत. झडप ओढावयासही तीच कडी आणि लावावयासही तीच कडी, त्यामुळे निराळ्या मुठीचे प्रयोजनच त्या खिडकीला नव्हते.

या योजनेचा मोठा गुण असा की, तिचा कोणताही भाग बिघडला तरी तो ज्याने घडविला त्याच्याच हातून, बहुधा त्याच गावात, पूर्ववत होई. कोयंडा ढिला झाला तर मागची टोके पुन्हा फाकवून ठोकावीत. भोकच मोठे झाले असेल तर सुताराने तेथे सागाची खुंटी गच्च बसवून तिच्यात नवे भोक पाडावे. कडीचा आकडा झिजला तर लोहाराने ती भट्टीत तापवून ऐरणीवर पुन्हा वळवावी. सुतार आणि लोहार हे गावगाड्यातील बलुतेदार; शेतकऱ्याच्या नांगराची आणि पाभरीची दुरुस्ती वर्षभर करून सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेण्याचा त्यांचा हक्क मामूल म्हणून सर्वमान्य होता, आणि ज्या माणसाशी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असे त्याच्यापुढे झिजलेली कडी घेऊन जाण्यास घरच्या माणसाला संकोच वाटण्याचे कारण नव्हते. शहरांतून रोख मजुरीची पद्धत होती आणि श्रीमंत घरांतून लोखंडाच्या जागी पितळ येई. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही धातुकाम करणाऱ्या वस्तीची साक्ष देते, आणि पितळ ओतणारे ओतारी निराळे असत. परंतु वस्तू लोखंडाची असो वा पितळेची, ती विशिष्ट झडपेसाठी, त्या झडपेच्या मापाने केलेली असे, आणि म्हणून दोन वाड्यांतील कड्या सहसा एकमेकींच्या जागी बसत नसत.

या मरम्मतीलाही ऋतूचे बंधन होते. मृग लागण्यापूर्वी कौले उतरवून घराची शाकारणी करावयाची, कोकणात पडवीच्या उघड्या बाजूंना झापांचा आडोसा करावयाचा आणि त्याच ओघात दारे-खिडक्यांच्या कड्या, कोयंडे व बिजागऱ्या पाहून घ्यावयाच्या, हा घरोघरचा वार्षिक परिपाठ असे. पावसाळ्यात सागासारखे जातिवंत लाकूडही थोडेबहुत फुगते. फुगलेली झडप चौकटीत अडते. अडलेल्या झडपेला माणूस कडीला धरूनच हिसका देतो. आणि वैशाखात ढिला राहिलेला कोयंडा आषाढात उपटून हातात येतो. हा कार्यकारणभाव त्या पिढ्यांना पुरता अवगत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेत परदेशी मालाचा प्रवेश झाला. 1853 साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली, 1869 साली सुवेझचा कालवा खुला झाला, आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून ओतीव पितळेचे बोल्ट, बिजागऱ्या आणि मुठी मुंबईच्या गोदीत उतरून तेथून देशावरच्या बाजारपेठांपर्यंत पोहोचणे पूर्वीपेक्षा फार सुलभ झाले. या मालाबरोबर आलेली सर्वांत क्रांतिकारक वस्तू मात्र स्क्रू ही होती. पूर्वी लाकडात बसवावयाच्या स्क्रूचे टोक बोथट असे आणि त्यासाठी आधी भोक पाडून घ्यावे लागे. 1854 साली बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन या पेढीने अणकुचीदार टोकाचे स्क्रू यंत्रावर करण्याचे अमेरिकन पेटंट विकत घेतले आणि त्यांचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन आरंभिले. फाकवून ठोकलेला कोयंडा काढावयाचा म्हणजे लाकूड दुखावल्याशिवाय सुटका नसे. स्क्रूने बसविलेली मूठ मात्र पेचकस फिरवून काढावी आणि तशीच दुसरी तिच्या जागी लावावी, इतके ते काम सोपे झाले. घडविणे आणि बसविणे ही दोन कामे येथे प्रथमच परस्परांपासून वेगळी झाली. लोहाराचे स्थान वाण्याच्या फळीने घेतले, आणि मुंबईत नागदेवी, पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी अशा ठिकाणी या लोखंडी-पितळी सामानाचा व्यापार भरभराटीस आला.

मुठीची आवश्यकता वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे तावदान. गोव्यातील जुन्या घरांतून काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी पट्ट्यांत बसविलेल्या खिडक्या अद्याप पाहावयास मिळतात. पुढे काच स्वस्त झाली तशी ती मध्यमवर्गीय घरांतूनही आली. आता भरीव सागवानी झडप आपटली तरी फारसे बिघडत नाही, परंतु काचेची झडप हलक्या हाताने ओढावी लागते, चौकटीशी घट्ट बसवावी लागते आणि उघडी असताना वाऱ्याने हलू नये म्हणून आकडीने अडवूनही ठेवावी लागते. ओढणे, आवळणे आणि रोखणे ही तीन कामे जुन्या कडीकडून होण्यासारखी नव्हती. त्यांच्यासाठी मूठ, बोल्ट आणि आकडी असे तीन स्वतंत्र जिन्नस खिडकीवर आले.

1896 साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ उद्भवली आणि खिडकीकडे पाहण्याची सरकारची व समाजाची दृष्टीच पालटली. हवा आणि उजेड ज्या खोलीत शिरत नाहीत ती खोली रोगाचे घर, हा विचार इतका प्रबळ झाला की कित्येक घरांवरील कौले अधिकाऱ्यांनी काढविली आणि वस्तीस अयोग्य ठरलेल्या इमारतींवर तशा खुणा उमटविल्या. 1898 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा यांचा पुरस्कार केला आणि दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या; 1920 नंतर डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि परळ येथे कामगारांसाठी चाळी उभारल्या. आत कोंदट हवा राहू नये यासाठी खिडकी उघडली पाहिजे आणि पावसाळ्यात ती मिटलीही पाहिजे. अशा परिस्थितीत मोडलेली मूठ ही केवळ गैरसोय राहिली नाही, तिचा संबंध कुटुंबाच्या आरोग्याशी जोडला गेला.

या नव्या शहरासाठी नवी खिडकी आली ती पोलादाची. इंग्लंडातील ब्रेनट्री गावी फ्रान्सिस हेन्री क्रिटॉल यांनी 1884 साली धातूच्या खिडक्या करण्यास प्रारंभ केला होता. 1930 नंतर मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेने काँक्रीटच्या ज्या इमारती झाल्या, आणि ज्यांचा 2018 साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांच्या प्रशस्त दर्शनी भागांना सडपातळ पोलादी चौकटी विशेष शोभल्या. पुढे हीच खिडकी सरकारी वसाहती, शाळा, इस्पितळे आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांतून सर्वत्र पसरली, आणि आज पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांचे बालपण तिच्या उजेडात गेले आहे.

त्या खिडकीची मूठ थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्या पुढच्या भागास एकाखाली एक अशी दोन नाके असतात आणि स्थिर चौकटीवर पितळेची एक लहान पट्टी असते. एक नाक पट्टीवर चढले म्हणजे झडप गच्च मिटते; दुसरे चढले म्हणजे झडप बोटभर उघडी राहूनही पक्की अडकलेली असते, म्हणजे रात्री वारा येतो, परंतु झडप बाहेरून उघडत नाही. खाली सुमारे 300 मिलिमीटर लांबीची भोके पाडलेली आकडी असते. तिचे जे भोक खुंटीवर बसवावे तितकी झडप उघडी राहते. ही मूठ ज्या पोलादी पत्र्यावर बसते तो पत्रा काच लावण्यापूर्वीच झडपेला जोडावा आणि काच लागल्यानंतर तो सहजासहजी निघू नये, अशी तजवीज करण्याचा नियम आहे. चोराच्या दृष्टीने पाहता हा नियम अत्यंत शहाणपणाचा आहे; मात्र तो पत्रा गंजून मूठ निकामी झाली, तर काही वेळा लांबी खरवडून तावदान उतरविल्यावाचून गत्यंतर नसते, हीही त्याच शहाणपणाची किंमत आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1947 च्या आरंभी, भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि पोलादी दारे-खिडक्यांसाठी 1038 क्रमांकाचे, बोल्टसाठी 204 क्रमांकाचे, मुठींसाठी 208 क्रमांकाचे अशी मानके तिने सिद्ध केली. 1956 च्या वजने-मापे कायद्याने इंचाच्या जागी मिलिमीटर आला आणि खिडक्यांची रुंदी-उंची 100 मिलिमीटरच्या पटीत मोजली जाऊ लागली. देशाच्या एका टोकास केलेली मूठ दुसऱ्या टोकाच्या खिडकीस बसावी, ही त्या मानकांमागची उदात्त आणि लोकोपयोगी कल्पना. बलुतेदाराच्या हातातील कौशल्याची जागा आता सर्वांना उपलब्ध असलेल्या मापाने घेतली. त्याचबरोबर इंचांच्या काळातील खिडक्या मात्र एका रात्रीत पोरक्या झाल्या, कारण त्यांच्या दोन भोकांमधील अंतर नव्या मुठींशी जुळेना. जुन्या इमारतीतील रहिवासी मोडकी मूठ कागदात गुंडाळून दुकानोदुकानी दाखवीत फिरतो, त्याचे मूळ बहुधा या स्थित्यंतरात असते.

खरे म्हणजे मूठ स्वतःच्या दोषाने फार क्वचित मोडते. लोखंड गंजले की गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत चौकट आतून फुगते. तिच्यावर वर्षानुवर्षांचे रंगाचे थर चढलेले असतात. बिजागरी झिजून झडप किंचित खाली आलेली असते. आणि या सर्वांचा प्रतिकार करण्याचे काम शेवटी एकट्या मुठीवर येऊन पडते. म्हणून जाणता कारागीर नवी मूठ हातात घेण्यापूर्वी बिजागरी पाहतो, रंग खरवडतो, गंज घासून काढतो, आणि झडप मुठीवाचून बोटाने लोटली असता चौकटीत नीट बसते याची खात्री करून घेतो. लाकडी झडपेत स्क्रूचे भोक मोठे झाले असेल तर तो त्यात सरस लावून लाकडाची खुंटी ठोकतो आणि ती वाळल्यावर तिच्यात नवा स्क्रू पिळतो. वाड्याच्या कोयंड्यासाठी सुतार जे करीत असे तेच हे कृत्य. इतक्या उलथापालथींतून ते अबाधित राहिले, याचे कारण लाकडाचा स्वभाव बदललेला नाही.

अलीकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या आणि प्लॅस्टिकच्या बंदिस्त खिडक्या आल्या. त्या गंजत नाहीत, फुगत नाहीत, पावसाचे पाणी चांगले अडवितात; त्यांचे हे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांची कुलपे आणि मुठी ज्याच्या-त्याच्या कंपनीच्या मापाने होतात, आणि ते माप बदलले किंवा ती कंपनी बंद पडली, म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या भागासाठी संपूर्ण खिडकी भंगारात घालण्याचा सल्ला घरमालकास मिळतो. आपल्या पूर्वजांनी वस्तू दुरुस्त होईल अशी घडविली, स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने तिचा प्रत्येक भाग बदलता येईल अशी व्यवस्था लावली. या दोन्ही उपार्जित गोष्टी एकाच वेळी हातातून जाऊ देणे हे आपल्यासारख्या काटकसरी समाजाला परवडणारे नाही.

त्यावरचा उपाय अवघड नाही, आणि तो प्रत्येक कुटुंबाच्या हातातला आहे. नव्या खिडक्या बसविताना त्यांच्या मुठींची मापे, भोकांमधील अंतर, डाव्या-उजव्या बाजूचा भेद आणि करणाऱ्याचे नाव यांची नोंद घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावी, दोन मुठी जादा घेऊन ठेवाव्यात, आणि गृहनिर्माण संस्थेने सर्व घरांसाठी एकाच प्रमाणित मापाचा आग्रह धरावा. कौलारू घरे गेली आणि त्यांच्याबरोबर शाकारणीही गेली. तरी मृगापूर्वी एकदा घरातील प्रत्येक खिडकी उघडून मिटून पाहण्याचा परिपाठ पुन्हा सुरू करण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.