सँडोचे डंबेल्स आणि औंधचे नमस्कार

१/ व्यायाम एकट्याने करावा की चारचौघांत? हा वाद जिमच्या जमान्यातला नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी औंध संस्थानातील एका राजपुत्राने तो स्वतःच्या देहावर तपासून पाहिला. (थ्रेड)

२/ तेव्हा महाराष्ट्रात व्यायाम म्हणजे तालीम. लाल माती, वस्ताद आणि जोडीदार. कुस्ती एकट्याला शिकता येतच नाही. डाव बसला की फसला, हे समोरच्याच्या अंगावरच कळते. चुकलेली बैठक वस्तादाच्या नजरेतून सुटत नसे. आळसाला तर तिथे थाराच नव्हता, कारण जोडीदार वाट पाहत असे. मात्र या तालमीचे दार स्त्रियांना बंद होते, ही गोष्ट तालमीचे गोडवे गाताना आपण सोयीने विसरतो.

३/ याच्या अगदी उलट टोकाला युजेन सँडो. प्रशियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये गाजलेल्या या बलोपासकाने शरीर कमावणे ही घराच्या चार भिंतींआड करण्याची गोष्ट बनवली. पुस्तक उघडावे, डंबेल्स उचलावेत. वस्ताद नको, जोडीदार नको.

४/ औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ च्या सुमारास सँडोचे पुस्तक व साहित्य विकत घेतले आणि सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांचे उदाहरण पाहून १९०८ पासून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये ते गादीवर आले.

५/ नमस्कार पंतांनी शोधून काढले, असे अधूनमधून वाचनात येते. ते खरे नाही. व्रत आणि उपासना म्हणून ते आधीपासून घातले जात होते. पंतांनी त्यांना शिस्तबद्ध व्यायामाचे रूप दिले.

६/ माझ्या मते त्यांची खरी दृष्टी इथे दिसते. नमस्काराला साधन लागत नाही, माती लागत नाही, जोडीदारही लागत नाही. साडेतीन हात जागा पुरते. म्हणून तो माजघरातही पोहोचू शकला. औंधच्या राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत. पण एकट्याचा नेम मोडायला एक पावसाळी सकाळ पुरेशी असते! पंतांनी हाच व्यायाम संस्थानच्या शाळांत रोजचा केला. तिथे मुले रांगेत उभी राहून, मंत्राच्या तालावर, एकत्र वाकू लागली. शेजारचा वाकला की आपणही वाकतो. तालमीतला तो जोडीदार असा शाळेच्या पटांगणात परतला. कुस्तीतली झुंज मात्र परतली नाही, आणि ती उणीव कोणत्याही कवायतीने भरून निघणारी नव्हती.

७/ १९३८ मध्ये पंतांचे 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नमस्काराच्या दहा स्थिती, आणि वाचणारा पुन्हा आपल्या खोलीत एकटाच. चार दशकांपूर्वी सँडोचे पुस्तक तिकडून औंधला आले होते. आता औंधचे तिकडे गेले.