मुठेकाठचा वंचक

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सहा. वारज्याच्या बाजूने मुठेच्या पात्राकडे उतरले. गळ्यात दुर्बीण, मोबाइलवर ई-बर्ड. मे महिन्यातला एक दिवस ठरवून जगभरचे लोक पक्ष्यांच्या नोंदी करतात. 'ग्लोबल बिग डे' म्हणतात त्याला, २०१५ पासून सुरू आहे. माझी पहिली नोंद होती वंचकाची. काही जण त्याला ढोकरी म्हणतात.

वंचक म्हणजे फसवणारा. चिखलाच्या रंगाचा हा बगळा डबक्याकाठी मान आखडून बसला की दिसतच नाही. उडाला की एकदम पांढरे पंख! उन्हाळ्यात विणीचा काळ जवळ आला की पाठ गर्द तांबडी होते, मग लपणं जरा अवघड जातं.

कोडची एखादी ओळ मुळात कोणी लिहिली, हे शोधायची आम्हा इंजिनिअर लोकांना खोड असते. तसं या पक्ष्याचं शास्त्रीय नाव शोधलं. 'आर्डिओला ग्रेयी', पुढे कंसात 'साइक्स, १८३२'.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखाची मोजदाद कंपनीला हवी होती. १८२४ मध्ये साइक्सची त्या कामावर नेमणूक झाली. माणसं, पिकं, जमीन, हवामान यांची माहिती गोळा करता करता तो दख्खनचे पक्षीही टिपत गेला. ती यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापली. वंचकाला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याच यादीत. आपल्या झुडपांत शेपटी हलवत बडबडणाऱ्या राखी वटवट्यालाही तिथेच नाव मिळालं.

म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं हा पक्षी नोंदीत आहे आणि आजही मुठेकाठी आहे. मला बरं वाटलं. मग पाण्याकडे नीट पाहिलं.

साइक्सने पाहिली ती मुठा धरणाआधीची. १८७० च्या दशकात खडकवासल्याला दगडी धरण झालं आणि पाणी कालव्याने पुण्याकडे, शेतांकडे वळलं. आज उन्हाळ्यात वारज्याच्या खाली पात्रात जे साचलेलं दिसतं, त्यात नदी किती आणि सांडपाणी किती, हे वासावरूनच कळतं. त्या पाण्यावर नारिंगी चतुर घिरट्या घालत होते. यांना इंग्रजीत 'डिच ज्वेल' म्हणतात, गटारातला दागिना! शास्त्रीय नाव 'ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा', फॅब्रिशियसने १७९३ मध्ये दिलेलं. त्यातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ मळलेला. याची पिल्लं घाण पाण्यातही वाढतात. जिथे बाकीचे चतुर टिकत नाहीत, तिथे हा मजेत असतो.

आता माझी यादी वेगळी दिसू लागली. वंचक अकरा, डिच ज्वेल असंख्य. आकडे छान, पण ते नदी बरी असल्याचे आकडे नव्हेत. जे घाण सोसतात, तेच उरल्याचे आहेत. वंचकाने मला फसवलं ते असं.

यादीत आकड्यांसोबत टिपेची एक जागा असते. मी ती आजवर रिकामी सोडायचे. त्या दिवशी लिहिलं: पाणी काळपट, फेस आहे, वाहतं नाही, मासे दिसले नाहीत. दोनशे वर्षांनी कोणी ही नोंद उघडली, तर वंचक कुठल्या पाण्यात उभा होता हे तरी त्याला कळेल.