मोटारीचा रिमोट आणि त्याची नोंदणी
किल्ली न लावता मोटारीचे दार उघडण्याची सोय फोर्ड कंपनीने १९८० मध्ये अमेरिकेत दारावरील आकड्यांच्या बटणांच्या रूपात आणली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समधील रेनो फ्यूगो या मोटारीसोबत हातात धरण्याचा रिमोट आला. आरंभीचे रिमोट दर वेळी एकच ठरावीक संकेत पाठवीत असल्यामुळे, तो टिपून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या चोरालाही दार उघडता येई. यावरचा उपाय म्हणजे बदलता संकेत होय: रिमोटमधील गणक प्रत्येक दाबणीबरोबर पुढे सरकतो, त्याचा आकडा गुप्त अंकमालेने कूटबद्ध होतो, आणि मोटारीतील ग्राहकयंत्र एकदा वापरलेला संकेत नाकारते. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली व १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेली ‘कीलॉक’ पद्धत याच तत्त्वावर उभी होती.

नव्या रिमोटची मोटारीशी ओळख करून देणे, म्हणजेच त्याची नोंदणी, हे काम जुन्या मोटारींत मालकाच्या हाती होते, ही त्या रचनेची खरी थोरवी मानावी लागेल. फोर्डच्या अनेक मोटारींत दहा सेकंदांच्या आत किल्ली आठ वेळा बंद स्थितीतून चालू स्थितीत फिरवली, की कुलपे आपोआप लागून उघडत आणि मग प्रत्येक रिमोटचे बटण दाबून त्याची नोंद होई. या क्रियेत जुन्या नोंदी पुसल्या जात असल्याने सर्व रिमोट एकाच बैठकीत नोंदवावे लागत. मात्र त्यामुळेच हरवलेला रिमोट कायमचा बाद होई. पुढील काळातील अनेक मोटारींत हेच काम तपासणी-संगणक बाळगणाऱ्या कार्यशाळांकडे गेले.